काटा हिरव्यात

सकाळी सव्वासातला मोज्यावरून युद्ध पेटलं. मोजा नवा होता, धुतलेला होता, मापाचाही होता. त्याचा गुन्हा एवढाच की बोटांवरची शिवण पोरीच्या करंगळीला टोचत होती. बापाने शिवण सरळ केली, मग मोजा उलटा करून घातला, मग दुसरा जोड काढला; पण तोवर वेळ निघून गेली होती. पाच वर्षांची ती एवढीशी पोर जमिनीवर उताणी पडून असा काही टाहो फोडत होती की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे झाडूचा दांडा छताला ठोकायला सुरुवात केली.

"झाली, तोफ सुरू झाली," आत्या आतल्या खोलीतून म्हणाली. ती लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायची आणि या आवाजात सरळ शिलाई मारायचा तिला आता सराव झाला होता. "अरे, मोज्याशिवाय बूट घाल आणि ने तिला शाळेत. करंगळी काही कुठे पळून जात नाही."

पोरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात ती तोफच. हसायला लागली तर उचकी लागेपर्यंत हसायची, रुसली तर पलंगाखाली जाऊन बसायची, आणि चिडली की चावायची. बापाच्या दोन्ही मनगटांवर तिच्या दातांचे शिक्के होते, जुने आणि ताजे.

बाप बॉयलरवाला. इस्पितळांच्या चादरी, पडदे आणि डॉक्टरांचे डगले धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत तो चौदा वर्षं बॉयलर सांभाळत होता. कारखान्यातलं प्रत्येक यंत्र त्याच्या खोलीतून येणाऱ्या वाफेवर चालायचं. माणूस आडवातिडवा, हात हे एवढाले, पण आवाज इतका हळू की आत्या म्हणायची, याच्या वाटचं बोलणंसुद्धा पोरीनेच घेतलंय. मोठ्या बहिणीचं असलं बोलणं तो निमूट ऐकून घ्यायचा. कारण ती नसती तर त्याच्या पाळीच्या वेळात पोरीला बघायला कोणीच नव्हतं.

पोरीची आई दीड वर्षापूर्वी घर सोडून गेली होती. कोणी कोणाला मारलं नव्हतं, कोणाची बाहेर भानगड नव्हती. दोघांचं बोलणं आटत गेलं, पार आटलं, आणि एक दिवस तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. तेव्हा तिच्याकडे वसतिगृहातली एक खाट होती, म्हणून पोर बापाकडे राहिली. आता तिच्याकडे दोन खोल्या होत्या, दिवसाची पाळी होती, आणि मुलगी आपल्याला मिळावी म्हणून तिने कोर्टात अर्ज केला होता. बाई वाईट नव्हती. पोरीसाठी तीही झुरत होती, हे बॉयलरवाल्याला ठाऊक होतं, आणि त्यामुळे त्याला तिचा धड रागही करता येत नव्हता. पण पोर गेली तर आपण कशासाठी घरी यायचं, हे त्याला कळत नव्हतं. तिच्याशिवाय त्याला जगायचंच नव्हतं, इतकं ते साधं होतं.

कोर्टाने ठरवलं की एक बाई तीन महिन्यांत सहा वेळा घरी येऊन पाहणी करतील, आणि त्यांच्या अहवालावर मुलगी कोणाची ते ठरेल.

पहिल्याच भेटीत घात झाला. बाई चष्मेवाल्या, शांत, पिशवीत वही घेऊन आलेल्या. त्यांनी पोरीला जवळ बसवून मऊ आवाजात विचारलं, "आईची आठवण येते का गं?" पोरीने हातातला दुधाचा पेला असा भिरकावला की तो थेट बाईंच्या कपाळावर. बाप धावला तर त्याचं मनगट तिच्या दातांत. खालून दांडा सुरू झाला.

बाईंनी रुमालाने दूध पुसलं. रागावल्या नाहीत. "राग येण्यात काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण तो तिला सांगता येत नाहीये. सांगायचं काहीतरी साधन द्या तिला. चित्र म्हणा, रंग म्हणा. काहीही." मग त्यांनी वही उघडली आणि बराच वेळ लिहीत बसल्या. बॉयलरवाला मान वाकडी करून ते वाचायला बघत होता.

"कोर्टाच्या बाईला टेंगूळ आणलं," त्या गेल्यावर आत्या म्हणाली. "आता कोर्ट काय बक्षीस देणार आहे का तुम्हाला?" म्हणाली खरी, पण पोरीला मांडीवर घेऊन तिचे दुधाळलेले केस पुसत होती.

साधन द्या म्हटल्यावर बॉयलरवाल्याला एकच साधन सुचलं. लाँड्रीच्या भंगारात एक जुनं गेज पडलं होतं, वाफेचा दाब दाखवणारं, बशीएवढं, पितळी कडेचं. ते त्याने मागून आणलं. काच काढली, आतली नळी काढली, बोटाने काटा फिरेल असं केलं. आकड्यांवर रंग चढवला: डावीकडे हिरवा, मध्ये पिवळा, उजवीकडे लाल. आणि दाराशेजारी, पोरीच्या छातीइतक्या उंचीवर, ते भिंतीला ठोकलं.

"हा तुझा काटा," तो तिच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला. "पोटात गरम व्हायला लागलं की पिवळ्यात न्यायचा. फारच झालं की लालमध्ये. चावायचं नाही, फेकायचं नाही. काटा लालमध्ये दिसला की मी असेन तिथून धावत येणार."

"आंघोळ करत असलास तर?"

"साबणासकट येणार."

पोरीने हे मनात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाप न्हाणीघरात गेल्याबरोबर तिने काटा लालमध्ये नेला आणि "बाबाऽऽ, लाल!" अशी आरोळी ठोकली. बाप खरंच आला, कमरेला टॉवेल, डोळ्यांत साबण, सगळ्या घरभर पाण्याची पावलं. आत्याने शिवायला आलेली कुणाची तरी पँट तोंडावर धरली. "अरे, लाज आहे का काही!" पोर मात्र हसून हसून जमिनीवर लोळली, आणि त्या दिवसापासून तिचा काट्यावर विश्वास बसला.

पहिला महिना त्या घराचा सगळ्यांत चांगला महिना होता, हे सांगितलंच पाहिजे. बिस्किट मधोमध तुटलं, काटा लाल. वेणी घट्ट झाली, काटा लाल. बाप हातातलं टाकून यायचा, तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून जमिनीवर बसायचा, आणि दोघं मिळून वाफ सोडायचे. "श्शऽऽऽ" करत श्वास संपेपर्यंत. मग तो विचारायचा, आत काय होतं? एकदा अशीच वाफ सोडून झाल्यावर पोर खाली बघत म्हणाली, "आई गेली तेव्हा मी झोपले होते. मला कोणी उठवलंच नाही." दीड वर्षं ती हे पोटात घेऊन हिंडत होती. बॉयलरवाल्याने तिला कुशीत घेतलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "उठवायला पाहिजे होतं." ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून खूप रडली, आणि त्यात कुठेही चावणं नव्हतं. असंच चाललं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण बॉयलरवाल्यांची एक सवय असते. दर तासाला काटा बघायचा आणि लॉगबुकात लिहायचा. दिवसभर दाब एकसारखा राहिला की तो आपल्या कामाचा दाखला. वर-खाली झाला की कोणीतरी येऊन विचारणार, झोपला होतास का? चौदा वर्षांची सवय ती, घरी आल्यावर खुंटीला टांगता येत नाही. त्याने एका मोठ्या कागदावर रेघा मारल्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ असे रकाने पाडले, आणि पोरीचा काटा जिथे असेल त्या रंगाचा ठिपका द्यायला सुरुवात केली. दुपारच्या ठिपक्याचं काम आत्याकडे.

"मी काय तुझ्या कारखान्यात कामाला आहे?" आत्या म्हणाली. पण ठिपका दिला.

तिसऱ्या भेटीत बाईंनी तो तक्ता पाहिला. लाल कमी होत गेलेले, हिरवे वाढत गेलेले. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिला. "इतकं मनावर घेणारे वडील मी क्वचितच पाहिलेत," त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं. बॉयलरवाल्याला वाटलं, जिंकलो. आयुष्यात त्याला इतकं चांगलं कोणी म्हटलं नव्हतं. तो दिवसभर गुणगुणत होता, आणि त्याला गुणगुणता येत नाही.

तिथून त्याला हिरव्याचा लोभ सुटला. तो पोरीला कधी ओरडला नाही, हे त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. काटा लाल दिसला तर यायचा, बसायचा, वाफ सोडायचा, सगळं व्हायचं. फक्त येताना त्याचा चेहरा पडलेला असायचा, आणि उठल्यावर तो तक्त्यापाशी जाऊन जरा जास्तच वेळ उभा राहायचा. उलट दिवसभर हिरवा असला की स्वारी खुशीत. पोरीला खांद्यावर घ्यायचा, छताला हात लावू द्यायचा, "शाब्बास माझी वाघीण!" पोर पाच वर्षांची होती, खुळी नव्हती. तिने काट्याकडे बघायचं सोडलं आणि बापाच्या तोंडाकडे बघायला लागली.

मग ठिपके हिरवे झाले. सकाळ हिरवी, दुपार हिरवी, संध्याकाळ हिरवी, ओळीने तीन आठवडे. मोज्याची शिवण टोचेनाशी झाली. बिस्किट तुटलं तर पोर दोन्ही तुकडे मुकाट खायची. खालचा म्हातारा जिन्यात भेटला तेव्हा त्याने विचारलं, "मुलगी बाहेरगावी पाठवलीत का?" बॉयलरवाल्याला ते कौतुक वाटलं. घरी येऊन त्याने ते आत्याला हसत सांगितलं.

आत्या हसली नाही. तिने एक फ्रॉक त्याच्यासमोर धरला. गळ्याची पट्टी चावून चावून तिची चाळण झाली होती. "हा चौथा," ती म्हणाली. "चौथा गळा शिवतेय मी या महिन्यात. सारखा तोंडात घालून बसते."

"दात येत असतील."

"दात? पाच वर्षांची आहे ती! सगळे येऊन बसलेत, तुझ्या मनगटाला विचार की!"

"मग पडायला आले असतील."

"तुझी अक्कल पडायला आलीये," आत्या म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "अरे, दोनदा गादी ओली केली तिने. आणि चादर स्वतः काढून बादलीत टाकली. मला सांगितलं नाही. ही अशी गप्प मला नाही बघवत. मला माझी तोफ परत दे."

बॉयलरवाल्याने मान खाली घातली. त्याला आत कुठेतरी कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. "ताई, दोनच भेटी राहिल्यात," तो म्हणाला. "तेवढ्या नीट पार पडू देत. मग ओरडू दे की तिला हवं तेवढं. मग मीच ओरडायला बसवतो तिला."

शनिवारी आईचा फोन आला. पूर्वी त्या फोननंतर तासभर घर डोक्यावर घेतलेलं असायचं. आता पोर "हो", "हो", "छान" म्हणाली, फोन ठेवला, दाराशेजारी जाऊन काटा हिरव्यात आहे ना ते पाहून आली, आणि जेवायला बसली. बापाचा जीव भांड्यात पडला. त्याने संध्याकाळच्या रकान्यात हिरवा ठिपका दिला.

सहाव्या भेटीला घर चकचकीत होतं. आत्याने कापडाच्या चिंध्या पलंगाखाली लोटल्या होत्या. पोर वेणी घालून, गुडघे जुळवून खुर्चीवर बसली होती. बाईंनी चहा घेतला, तक्ता पाहिला, चार गोष्टी केल्या. मग त्या पोरीकडे वळल्या.

"तुला एक विचारायचंय. आई म्हणते, तू तिच्याकडे राहायला यावंस. तिथेच शाळा, तिथेच सगळं. बाबा तुला महिन्यातून दोन दिवस भेटतील. कसं वाटतं तुला?"

खोलीत शिवणयंत्रही थांबलं होतं. बॉयलरवाला तक्त्यापाशी उभा होता. आता ती ओरडेल, त्याला वाटलं. आता ती पेला फेकेल, माझ्या पायाला मिठी मारेल, नाही म्हणून किंचाळेल, आणि बाईंना कळेल.

पोरीने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती खुर्चीवरून उतरली, काट्यापाशी गेली, तो बोटाने आणखी थोडा डावीकडे सरकवला, आणि येऊन परत जागेवर बसली.

"चालेल," ती म्हणाली.

"बाबांची आठवण येईल?"

"मी रडत नाही," पोर म्हणाली. आणि पुन्हा बापाकडे पाहिलं, बरोबर आलं ना, अशा नजरेने.

आणि त्याने मान हलवली. चार शब्द शांतपणे बोलून पोरीने त्याच्याकडे पाहिलं की शाब्बास म्हणून मान हलवायची, ही त्याची गेल्या दीड महिन्याची सवय. डोकं पोचायच्या आत मान हलून गेली. बाईंनी पोरीचं उत्तर लिहिलं आणि बापाची मान हललेलीही पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाळीवर गेला. बॉयलर पेटवलेला होता, काटा जागेवर होता. रोजच्याप्रमाणे त्याने पहिलं काम केलं: काट्याखालचा कॉक, म्हणजे वाफेची तोटी, बंद केला. वाफ तुटली की काटा शून्यावर पडला पाहिजे, आणि कॉक उघडला की परत चढला पाहिजे. न पडणारा काटा म्हणजे अडकलेला काटा. तो हिरव्यात दिसत राहतो आणि आत बॉयलर फाटायला आलेला असतो. शिकाऊ होता तेव्हा पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवलं होतं: दाब वर-खाली होणारा बॉयलर त्रास देतो, पण न हलणाऱ्या काट्याला भ्यायचं. चौदा वर्षांत एकही सकाळ त्याने हे चुकवलं नव्हतं. कॉकवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. लोखंडाच्या डब्याला आपण रोज विचारतो, बाबा रे, खरं बोलतोयस ना? आणि पोरीला एकदाही विचारलं नाही. त्याला इतकी लाज वाटली की तो तिथेच स्टुलावर बसला, आणि त्या तासाची नोंद करायची राहून गेली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बाईंच्या कचेरीत गेला. लहानशी खोली, फायलींचे गठ्ठे, खिडकीत एक वाळलेलं रोप.

"मॅडम, ती काल खरं नाही बोलली."

"म्हणजे?"

"मी शिकवलं. म्हणजे शिकवलं असं नाही. पण मला शांत आवडते म्हणून ती शांत बसते. तिला माझ्याकडेच राहायचंय. तिला आत रडू येतंय, मॅडम. ती कपडे चावते. गादी ओली करते."

बाईंनी चष्मा काढला. "आणि तो तक्ता?"

"तक्ता खरा आहे. ठिपके खरे आहेत." तो खाली बघत म्हणाला, "फक्त पोर खरी नाही त्यात."

बाईंनी चष्मा पुसून परत लावला. मग हळूच म्हणाल्या, "हे बघा. समजा, तुम्ही म्हणताय ते मी लिहिलं. वडिलांच्या भीतीने मुलगी इतके दिवस रडणं गिळून बसली, असं वडील स्वतः कबूल करतात. हे वाचून कोर्ट मुलगी कोणाला देईल?"

"भीतीने नाही, मॅडम. मी बोटसुद्धा लावलं नाही तिला कधी."

"माहीत आहे मला. पण कागदावर ते काय दिसेल, सांगा."

तो खिडकीतल्या वाळलेल्या रोपाकडे बघायला लागला.

"आणि नाही लिहिलं," बाई म्हणाल्या, "तर मुलगी स्वतःच्या तोंडाने चालेल म्हणालीये. तुमच्यासमोर. आणि तुम्ही मान हलवलीत."

बॉयलरवाल्याने टेबलाची कड धरली. इकडून गेलं तरी तेच दार आणि तिकडून गेलं तरी तेच. बाईंनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण वाईट वाटणं लिहायला त्यांच्या अहवालात रकाना नव्हता. "माझ्याकडून मी दोन्ही गोष्टी लिहीन," त्या म्हणाल्या. "दुसरं काही माझ्या हातात नाही. तुमच्या हातात आहेत तेवढे दिवस तिला मोकळं रडू द्या."

घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते गेज भिंतीवरून उपटायचं. तक्ता फाडला. पोर दारात उभी राहून बघत होती.

"मी हिरव्यातच ठेवला होता," ती घाईघाईने म्हणाली. "बाबा, खरंच. आत्याला विचार. मी आज हातपण नाही लावला."

"तुझं काही चुकलं नाही, राजा. आता काटा नाही. आता तुला हवं तेव्हा ओरडायचं. रड, फेक, चाव मला. हे बघ, हात घे."

त्याने मनगट पुढे केलं. पोरीने त्या मनगटाकडे पाहिलं. मग नेहमीसारखं त्याच्या चेहऱ्याकडे. त्याला काय हवंय ते तिला तिथे सापडेना. ही काहीतरी नवी परीक्षा आहे आणि हिचं उत्तर आपल्याला कोणी सांगितलेलं नाही, एवढंच तिला कळलं. तिने फ्रॉकचा गळा तोंडात घेतला.

"ओरड ना!" बाप म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. त्या घरात पहिल्यांदाच चढला. "अगं, ओरड एकदा!"

पोर ताठ उभी राहिली. गळा तोंडातून काढला, हात मागे बांधले, आणि हसून दाखवलं. आत्या शिवणयंत्रावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. खालून त्या दिवशीही कोणी दांडा ठोकला नाही.

निकाल लागायला महिना गेला. त्या महिन्यात त्याने सगळं करून पाहिलं. स्वतः उशा आपटून दाखवल्या, बिस्किटं मुद्दाम तोडली, तिला मुद्दाम शिवणवाले मोजे घातले. पोर सगळ्याला चालेल म्हणाली. निकाल आला तो बाईंनी सांगितला होता तसाच: मुलगी आईकडे, महिन्यातून दोन दिवस आणि मोठ्या सुट्टीतले पंधरा दिवस बापाकडे.

न्यायला आई रविवारी सकाळी आली. बाईही आल्या होत्या, कारण ताबा देताना त्यांनी हजर राहावं असा हुकूम होता. आई वर आली नाही, इमारतीच्या फाटकाशी गाडीजवळ उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते, आणि तिने पोरीसाठी खिडकीजवळची जागा मोकळी ठेवली होती. आत्याने वरच निरोप घेतला.  बॉयलरवाला एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पोरीचा हात धरून चार मजले उतरला. त्याने ठरवलं होतं, आपण हसत निरोप द्यायचा. निदान पोरीला पुढे सोपं जावं.

फाटकापाशी त्याने बॅग खाली ठेवली, पोरीच्या बुटाचा बंद पुन्हा बांधायला म्हणून वाकला, आणि त्याला ते जमेना. बंद बांधलेलाच होता. तो तसाच गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाही ओळखू आला नाही. चौदा वर्षं बॉयलरशेजारी हळू बोललेला माणूस भर रस्त्यात, लोकांसमोर, लहान पोरासारखा भोकाड पसरून रडत होता. फुटपाथवरची माणसं थबकली. आईने तोंडावर हात घेतला. पाहणीच्या बाई दोन पावलं पुढे आल्या.

पोर घाबरली. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग बाईंच्या खांद्यावरच्या त्या वहीच्या पिशवीकडे. आणि ती पटकन दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी फ्रॉकचा घेर पसरला, जितका पसरेल तितका, बाप दिसू नये म्हणून.

"मावशी, हे लिहू नका हां," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "बाबा रोज असे नसतात. आज त्यांची झोप झाली नाही."